फुकटाची किल्ली आणि गावाचा संगणक

नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूर हे घरांना दारे-कुलुपे नसलेले गाव म्हणून देशभर ठाऊक आहे. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेने तेथे शाखा उघडली, तेव्हा गावच्या रूढीला मान देऊन तिलाही नेहमीच्या अर्थाने कुलूप घातले गेले नाही. अशा या गावच्या देवस्थानाचे नाव लावून बनावट ॲप काढण्यात आली, ऑनलाइन पूजा व अभिषेकाच्या निमित्ताने भाविकांकडून पैसे घेण्यात आले आणि ते खाजगी खात्यांत वळविण्यात आले, असे आरोप झाले. जुलै २०२५ मध्ये हे प्रकरण विधानसभेत गाजले व पोलिसांत गुन्हाही नोंदविला गेला. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. मात्र या प्रकरणाने एक गोष्ट सर्वसामान्य माणसाच्याही ध्यानात आणून दिली आहे. पूर्वी चोराला घरापर्यंत यावे लागे. आता तो घराची हुबेहूब नक्कल उभी करतो आणि घरमालक व पाहुणे आपण होऊन त्या नकली घरात जातात.

देवस्थानाच्या नकलेची चर्चा झाली, कारण तेथे श्रद्धेचा व पैशाचा प्रश्न होता. परंतु याच जातीची दुसरी एक नक्कल कित्येक वर्षे आपल्या गावागावांत बिनबोभाट नांदते आहे आणि तिच्याविषयी कोणी अवाक्षर काढीत नाही. ही नक्कल आहे खुद्द संगणकाच्या कार्यप्रणालीची, म्हणजे जिला व्यवहारात ‘विंडोज’ या एकाच नावाने ओळखले जाते त्या मूळ आज्ञावलीची, आणि तिचा परवाना फुकटात ‘चालू’ करून देणाऱ्या अनधिकृत साधनांची. हा विषय वरवर पाहता तांत्रिक, किंबहुना क्षुल्लक वाटेल. संघटनेच्या साप्ताहिकाने शेतीमालाचे भाव, पाणीवाटप व रोजगार सोडून या भानगडीत का पडावे, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, पीकविमा, अनुदान, शिष्यवृत्ती, निराधारांचे वेतन आणि सातबारा हे सर्व आज ज्या यंत्रातून जाते, त्या यंत्राच्या विश्वासार्हतेचा हा प्रश्न आहे.

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासूनचा अहिल्यानगर जिल्हा, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा. अकोल्याच्या डोंगरपट्ट्यापासून जामखेडच्या कोरडवाहू माळापर्यंत चौदा तालुके पसरलेले. शासनाने गेल्या पंधरा वर्षांत ग्रामपंचायतींत संगणक आणले, आपले सरकार सेवा केंद्रे व सामायिक सुविधा केंद्रे उघडली, दाखले आणि उतारे ऑनलाइन केले. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा पंधरा रुपये शासकीय शुल्कात मिळू लागला, ही सोय नाकारण्याचे कारण नाही. पण सोयीबरोबर सक्तीही आली. अर्ज कागदावर स्वीकारला जात नाही, तो संगणकावर भरावा लागतो. आणि ज्याच्याकडे संगणक नाही असा शेतकरी, शेतमजूर, विधवा वा विद्यार्थी आपले आधारपत्र, बँक-पासबुक व मोबाइल दुसऱ्याच्या हाती देऊन बाकावर बसून राहतो. हा दुसरा म्हणजे बहुधा सेवा केंद्राचा चालक, झेरॉक्सचा दुकानदार, पतसंस्थेचा कारकून अथवा दूध संस्थेचा सचिव असतो.

या मंडळींच्या बोलण्यात एक शब्दप्रयोग रुळला आहे: ‘विंडोज मारून घेणे’. यंत्र मंदावले, बिघडले वा नवे-जुने विकत आणले, की तालुक्याच्या गावचा दुरुस्तीवाला आपल्या जवळच्या पेनड्राइव्हवरून काही शे रुपयांत कार्यप्रणाली बसवून देतो. ती कोठून आली, तिच्यात काय काय भरलेले आहे, परवाना कोणाचा, हे विचारण्याचा प्रघात नाही. एकच पेनड्राइव्ह दुकानातून शाळेत, शाळेतून पतसंस्थेत आणि पतसंस्थेतून सेवा केंद्रात फिरतो. न उकळलेली एकच सुई घेऊन वाडीवाडीवर टोचत फिरणाऱ्या भोंदू वैद्याची ज्यांना आठवण असेल, त्यांना या पद्धतीतील धोका अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

पेनड्राइव्हवरची ही प्रत येते ती पुष्कळदा महाजालावरील नकली संकेतस्थळांवरून. मूळ कंपनीचे बोधचिन्ह, तेच रंग, तीच मांडणी; फरक असतो तो पत्त्यातील एखाद्या अक्षराचा किंवा जोडशब्दाचा. एक उदाहरण येथे पुरे आहे. २६ जानेवारी २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या वितरणाचा अखेरचा टप्पा जाहीर केला; लगेच दुसऱ्या दिवशी तत्सम नावाचे एक बनावट संकेतस्थळ नोंदविले गेले. एचपी कंपनीच्या संशोधकांनी ते उघडकीस आणले. तेथून मिळणारी गठडी जेमतेम दीड मेगाबाइटची होती, पण उघडताच ती सातशे पन्नास मेगाबाइटच्या वर फुगत असे. आत बहुतांश निरर्थक भरताड होते, जेणेकरून फार मोठ्या फायली न तपासणारे संरक्षक प्रोग्राम तिला हात लावणार नाहीत. त्या भरताडात दडलेला ‘रेडलाइन’ नावाचा चोर-प्रोग्राम न्याहाळकात साठविलेले पासवर्ड व इतर माहिती उचलून नेई. नवी कार्यप्रणाली मिळालीच नाही. घरची होती तीही परक्याच्या ताब्यात गेली.

परवाना फुकट चालू करणाऱ्या साधनांची, म्हणजे ‘ॲक्टिव्हेटर’ अथवा ‘क्रॅक’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रोग्रामांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. मोठ्या कचेऱ्यांत शेकडो संगणक असतात, प्रत्येकाने स्वतंत्रपणे कंपनीकडे परवाना तपासून घेणे गैरसोयीचे. म्हणून मायक्रोसॉफ्टने कचेरीच्या आतच एक परवाना-सेवक ठेवण्याची सोय केली. केएमएस या नावाने ती ओळखली जाते. कचेरीतील यंत्रे या सेवकाला विचारतात, तो होकार देतो आणि तो होकार १८० दिवस चालतो. ॲक्टिव्हेटर हा या सेवकाचे सोंग घेतो. आपल्याच यंत्रात बसून तो आपल्याच यंत्राला खोटा होकार देतो. आता हे सोंग वठवायचे तर त्याला यंत्राचे सर्वोच्च अधिकार लागतात, आणि विषाणुरोधक प्रोग्राम त्याला अडवतो म्हणून तो आधी बंद करा, अशी सूचना साधनासोबतच दिलेली असते. म्हणजे वापरणाऱ्याने स्वतःच्या हाताने पहारेकऱ्याला रजा द्यायची आणि तिजोरीच्या किल्ल्या अनोळखी माणसाला सोपवायच्या. त्या माणसाने केवळ सांगितलेलेच काम करून निघून जावे, अशी अपेक्षा कोणत्या आधारावर करायची?

काही जाणकार यावर म्हणतात की, सगळीच साधने दूषित नसतात. काही निर्मळ आहेत आणि त्यांची आज्ञावली तपासता येते. वादासाठी हे मान्य केले तरी व्यवहारात त्याचा उपयोग नाही. कारण जे साधन लोकप्रिय होते, त्याचीही नक्कल लगेच बाजारात येते. केएमएसपिको नावाच्या साधनाचे ‘एकमेव अधिकृत’ संकेतस्थळ आपलेच, असा दावा करणारी ठिकाणे कितीतरी आहेत. अनधिकृत वस्तूचे अधिकृत दुकान ही कल्पनाच हास्यास्पद आहे. डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा संस्थेने दाखवून दिले की, या साधनाच्या नावाने फिरणाऱ्या गठडीतून ‘क्रिप्टबॉट’ हा चोर-प्रोग्राम पसरविला जात होता. साधन आपले काम करी, विंडोज चालू होई आणि म्हणूनच कोणाला संशय येत नसे. याच क्रिप्टबॉटचे वितरण करणाऱ्यांविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये गूगलने अमेरिकेत दावा लावला. त्याआधीच्या वर्षभरात सुमारे ६ लाख ७० हजार संगणकांना त्याची बाधा झाल्याचे कंपनीने सांगितले, आणि क्रोम व गूगल अर्थ प्रो यांच्या नकली प्रतींतूनही तो पसरविला जात असल्याचे निदर्शनास आणले. डिसेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या पोलिसांनी एका लिथुआनियन नागरिकाच्या अटकेची माहिती जाहीर केली. केएमएसऑटो या ॲक्टिव्हेटरच्या मिषाने एप्रिल २०२० ते जानेवारी २०२३ या काळात त्याने पसरविलेला दूषित प्रोग्राम जगभर सुमारे २८ लाख वेळा उतरविला गेला होता, असा त्याच्यावर आरोप आहे.

चोर-प्रोग्राम नेमके नेतो काय? न्याहाळकात जपून ठेवलेले पासवर्ड नेतो, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. परंतु ‘ओटीपी तर मोबाइलवर येतो, नुसत्या पासवर्डने काय होणार?’ असा दिलासा अनेकजण स्वतःला देतात. तो फसवा आहे. एकदा ओटीपी देऊन आत गेल्यावर संकेतस्थळ आपल्या न्याहाळकाला एक ओळखचिठ्ठी देते, जेणेकरून प्रत्येक पानावर पुन्हा ओटीपी विचारावा लागू नये. चोर-प्रोग्राम ही ओळखचिठ्ठीच उचलतो आणि तिची मुदत असेपर्यंत दूरदेशीचा माणूस ओटीपीवाचून त्या खात्यात वावरू शकतो. शिवाय पडद्याची चित्रे घेता येतात, टंकलेली अक्षरे टिपता येतात आणि यंत्रावर राहून गेलेल्या आधारपत्रांच्या, पासबुकांच्या व छायाचित्रांच्या प्रती नेता येतात. सेवा केंद्राच्या संगणकात अशा प्रती किती महिने पडून असतात, हे ज्याने पाहिले असेल त्याला या गोष्टीचे गांभीर्य पटेल.

सार्वजनिक कामाच्या प्रवेशनामाचे मोल किती असते, हे यवतमाळ जिल्ह्यातील शेंदुरसनी या छोट्या ग्रामपंचायतीच्या प्रकरणाने डिसेंबर २०२५ मध्ये दाखवून दिले. जेमतेम दीड हजार वस्तीच्या या गावाच्या नावावर तीन महिन्यांत सत्तावीस हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचे उघड झाले. तेथे काय व कसे घडले, तो तपासाचा भाग आहे आणि त्याचा संबंध ॲक्टिव्हेटरशी जोडण्याचे येथे कारण नाही. मुद्दा इतकाच की, एका खेड्याच्या नावाचे प्रवेशद्वार भलत्यांच्या हाती गेले, तर अख्ख्या राज्याच्या नोंदवहीची विश्वासार्हता धोक्यात येऊ शकते. सहकारी बँकांच्या बाबतीत पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण आहेच. ऑगस्ट २०१८ मध्ये अवघ्या दोन-तीन दिवसांत, बँकेच्या यंत्रणेत शिरलेल्या घातक प्रोग्रामच्या साहाय्याने ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम लुटली गेली. बनावट कार्डांनी २८ देशांतून पैसे काढले गेले. एवढ्या मोठ्या बँकेची ही गत, तर ज्या पतसंस्थेचा सगळा हिशेब एकाच यंत्रावर आहे आणि त्या यंत्रावर ‘मारलेली’ विंडोज आहे, तिच्या ठेवीदारांनी कोणाच्या भरवशावर झोपावे?

याला जोडून आणखी एक धोका असतो. अनधिकृत प्रत वापरणारा बहुधा सुरक्षा-सुधारणा बंद करून ठेवतो, कारण सुधारणा आली की आपली चोरी पकडली जाईल अशी त्याला धास्ती असते. कित्येक कापाकापी केलेल्या प्रतींतून तर ही सोयच काढून टाकलेली असते. मे २०१७ मध्ये ‘वॉन्नाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने जगभर धुमाकूळ घातला. ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजविणारी सुधारणा दोन महिने आधी, मार्चमध्येच, मिळू लागली होती. ज्यांनी ती घेतली ते या मार्गाने होणाऱ्या हल्ल्यापासून वाचले. बाकीच्यांना आपल्याच फायलींसाठी खंडणी मागितली गेली.

येथवरचे विवेचन मान्य करूनही, पुरोगामी वर्तुळात एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो आणि त्याची दखल घेणे आवश्यक आहे. तो असा: बौद्धिक संपदेचे हे सारे थोतांड मक्तेदारांनी उभे केले आहे, आज्ञावलीची आणखी एक प्रत काढायला कंपनीला पैचाही खर्च येत नाही, तरी तिची किंमत दहा हजार रुपयांच्या घरात लावली जाते, मग गरिबाने ती फुकट वापरली तर बिघडले काय? यात पहिला भाग अर्थशास्त्रीयदृष्ट्या चुकीचा नाही. ज्या वस्तूच्या अधिकच्या प्रतीचा उत्पादनखर्च शून्याजवळ असतो, तिची किंमत मक्तेदारीच्या बळावरच टिकते. परंतु यावरून काढलेला निष्कर्ष मात्र सपशेल चुकीचा आहे. अनधिकृत प्रत ही मक्तेदारीविरुद्धची लढाई ठरत नाही. ती मक्तेदारीची विनावेतन प्रचारक असते. १९९८ साली बिल गेट्स यांनी चीनमधील नकली प्रतींविषयी बोलताना हे उघडपणे सांगितले होते: चोरायचेच असेल तर त्यांनी आमचेच चोरावे, त्यांना त्याची सवय लागेल आणि पुढे पैसे कसे वसूल करायचे ते आम्ही पाहून घेऊ, अशा आशयाचे त्यांचे उद्गार होते. नफेखोराच्या तोंडून इतके स्वच्छ अर्थशास्त्र क्वचित ऐकायला मिळते. शाळेपासून कचेरीपर्यंत सर्वांना एकाच प्रणालीचे वळण पडले, दुसरी कोणती असू शकते हेच लोक विसरले. मग शासनाची यंत्रे, बोटांचे ठसे घेणारी उपकरणे व डिजिटल स्वाक्षरीची साधने प्रामुख्याने त्याच प्रणालीवर चालतील अशी बनू लागली. कंपनीचे त्यात नुकसान काही झाले नाही.

नुकसान झाले ते बाकावर बसलेल्या बाईचे. अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात, म्हणजे निर्णय एकाचा आणि झळ तिसऱ्याला, त्याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. दहा हजार रुपये वाचतात ते केंद्रचालकाचे. धोका पत्करते ती निराधार वेतनासाठी आधारपत्र देणारी म्हातारी, जिला आपल्या नावावर काय चालले आहे याचा पत्ताही लागत नाही. कारखान्याने आपले मळीचे पाणी ओढ्यात सोडून खर्च वाचवावा आणि खालच्या गावाच्या विहिरी नासाव्यात, याविरुद्ध या जिल्ह्यातील कार्यकर्ते बोलत आले आहेत. संगणकाच्या बाबतीत वेगळा न्याय लावता येणार नाही.

तथापि सारा दोष केंद्रचालकाच्या माथी मारून मोकळे होणे हाही अन्याय ठरेल. कायदा कठोर आहे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम ६३ब अन्वये, संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. मात्र व्यापार-व्यवसायातील लाभासाठी वापर नसेल, तर न्यायालयाला कैद टाळता येते. पण ज्या राज्याने सार्वजनिक सेवा खाजगी चालकाच्या खांद्यावर टाकली, त्या राज्याने त्या चालकाला काय दिले? जागा त्याची, यंत्र त्याचे, वीज व जोडणी त्याची, उत्पन्न दाखल्यामागे मिळणाऱ्या थोड्याशा वाट्याचे. शासनाने आपला भांडवली खर्च शिताफीने त्याच्याकडे सरकविला आणि सुरक्षेची जबाबदारीही सोबत सरकवून दिली. ग्रामीण बेकारीमुळे जो तरुण हे केंद्र चालवितो, तो पहिली काटकसर डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूत करणार, हे ओघानेच आले.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला विशिष्ट सुरक्षा-चिप व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. परिणामी धडधाकट चालणारी असंख्य यंत्रे कंपनीच्या एका निर्णयाने ‘जुनी’ ठरली. ज्या शाळेने देणगीतून दहा संगणक घेतले, तिने ते भंगारात टाकावेत काय? अशा कोंडीच्या वेळीच नकली संकेतस्थळांचे फावते. ‘कोणत्याही यंत्रावर विंडोज ११, फुकट’ अशा आमिषाला नाडलेला माणूस लवकर बळी पडतो. फसवणूक करणारा लोभी माणसाच्या शोधात असतो असे आपण समजतो. वास्तविक तो अडलेल्या माणसाच्या शोधात असतो.

मग मार्ग कोणता? या जिल्ह्याला त्याचे उत्तर परदेशातून आणण्याची गरज नाही. साखरेच्या धंद्यावर खाजगी कंपन्यांचे वर्चस्व होते, त्या काळात विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठच्या शेतकऱ्यांनी भागभांडवल गोळा केले आणि १९५० च्या सुमारास स्वतःचा कारखाना उभा केला. सहकाराची पुढे जी वाट लागली ती सर्वांना माहीत आहे. पण मक्तेदारीला उत्तर द्यायचे ते सामूहिक मालकीने, ही त्यातील मूळ दृष्टी आजही खोटी ठरलेली नाही. आज्ञावलीच्या क्षेत्रात अशी सामूहिक मालकी प्रत्यक्षात अस्तित्वात आहे. मुक्त आज्ञावलीची चळवळ १९८३ साली सुरू झाली, १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा तयार झाला आणि आज त्यावर आधारलेल्या कार्यप्रणाली कोणालाही कायदेशीरपणे, विनामूल्य वापरता येतात, वाटता येतात व बदलता येतात. त्यांतील कित्येक जुन्या यंत्रांवरही सुखाने चालतात. केरळने आपल्या सरकारी शाळांतून गेली अनेक वर्षे हाच मार्ग अनुसरला आहे. तेथील काइट ही शासकीय संस्था शाळांसाठी स्वतःची कार्यप्रणाली तयार करून देते व शिक्षकांना प्रशिक्षण देते. केंद्र शासनाच्या सी-डॅक या संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये महाजालाशी जोडलेल्या आपल्या संगणकांसाठी ‘माया’ ही उबुंटूवर आधारित प्रणाली स्वीकारण्याचे ठरविले. जे सैन्याच्या कचेरीस चालते ते सेवा केंद्रास का चालू नये, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

अडचणी नाहीत असे नव्हे. ठसे घेणारी व डिजिटल स्वाक्षरीची कित्येक उपकरणे, हिशेबाचे काही प्रचलित प्रोग्राम व जुने मराठी फॉन्ट यांमुळे अनेक कचेऱ्या विंडोजशी बांधल्या गेल्या आहेत. मुक्त आज्ञावली म्हणजे आपोआप सुरक्षितता, असाही भ्रम नको. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या खऱ्याच संकेतस्थळात घुसून चोरांनी प्रत उतरविण्याचा दुवा बदलला आणि त्या दिवशी प्रत घेणाऱ्यांना चोरदार ठेवलेली कार्यप्रणाली मिळाली. फरक इतकाच की, तेथे प्रत अस्सल आहे की नाही हे पडताळण्याची खूण उघडपणे प्रसिद्ध केलेली असते आणि फसवणूक झाल्याचे संबंधितांनी तातडीने जाहीर केले. चोरीच्या मालाच्या बाबतीत पडताळणीची खूणही नसते आणि तक्रार करायला तोंडही नसते.

म्हणून मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. ज्या केंद्रातून शासनाची सेवा दिली जाते, तेथील कार्यप्रणाली व तिची सुरक्षा ही शासनाची जबाबदारी आहे. परवाना लागत असेल तर तो शासनाने घाऊक खरेदी करून द्यावा, आणि जेथे शक्य तेथे मुक्त प्रणाली बसवून द्यावी. शासकीय कामासाठी लागणारे प्रत्येक उपकरण मुक्त प्रणालीवर चालले पाहिजे, अशी अट खरेदीच्या निविदेतच घालावी. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, आयटीआय वा तंत्रनिकेतनाच्या मदतीने, पडताळलेली अस्सल प्रत मोफत बसवून देणारे केंद्र असावे. दुरुस्तीवाल्या तरुणांना त्यातच सामावून घ्यावे, कारण त्यांच्या हातातील कौशल्य ही समाजाची ठेव आहे. पतसंस्थांच्या वार्षिक तपासणीत रोकड व कर्जखात्यांबरोबर संगणकांचीही तपासणी व्हावी आणि सभासदांनी सर्वसाधारण सभेत त्याविषयी प्रश्न विचारावेत.

मागण्या मान्य होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. कार्यप्रणाली वा कोणताही प्रोग्राम शोधयंत्राच्या पहिल्या जाहिरातीवरून न घेता मूळ निर्मात्याच्या पत्त्यावरूनच घ्यावा. जे साधन विषाणुरोधक बंद करायला सांगते, त्याला तेथेच नकार द्यावा. पैसे नसतील तर क्रॅक केलेल्या प्रतीपेक्षा, परवाना न भरलेली मूळ प्रतही कमी धोक्याची. पडद्याच्या कोपऱ्यात सूचना झळकत राहते व काही सोयी बंद राहतात, पण सुरक्षा-सुधारणा मिळतात. अर्थात परवान्याच्या अटींतून ती सुटका नव्हे, आणि कायमचा उपाय मुक्त प्रणालीच. रोजच्या कामासाठी यंत्रावर मर्यादित अधिकारांचे वेगळे खाते ठेवावे. लोकांची कागदपत्रे काम झाल्यावर पुसून टाकावीत. यंत्रावर पूर्वी ॲक्टिव्हेटर चालविला गेला असेल, तर महत्त्वाच्या फायलींची प्रत काढून कार्यप्रणाली नव्याने बसवावी आणि सर्व पासवर्ड दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून बदलावेत. पैसे गेल्याचे लक्षात येताच क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. लाजेने गप्प बसण्यात चोराचाच फायदा असतो.

या कामाची सुरुवात संघटनेच्या स्वतःच्या कचेऱ्यांपासून होणे उचित ठरेल. कामगार संघटनांच्या सभासद-याद्या, आंदोलनांतील कार्यकर्त्यांचे पत्ते, वर्गणीचे हिशेब, खटल्यांची कागदपत्रे ही सारी आपल्याही टेबलावरील यंत्रांत आहेत. ती यंत्रे कोणत्या पेनड्राइव्हवरून सजली, याची चौकशी प्रत्येक तालुका शाखेने पुढच्या बैठकीपूर्वी करावी. गरिबांच्या वतीने बोलणाऱ्यांवर गरिबांनी आपली माहिती विश्वासाने सोपविलेली असते, आणि चार पैसे वाचविण्यासाठी ती धोक्यात घालण्याचा अधिकार कोणालाच नाही.